ऊसतोडीला निघालेला संसार : बांधाबांध, विमा आणि राखण

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर, तळोदे, अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांच्या पाड्यांवर बांधाबांध सुरू होते. सुरत जिल्ह्यातील बारडोली, चलथाण, सायण, महुवा येथील सहकारी साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला असतो आणि मुकादमाचा निरोपही येऊन पोहोचलेला असतो. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. म्हणजे फलाटावरच राज्य बदलते. पुढे सोनगड, व्यारा आणि बारडोली. अंतर फारसे नाही. परंतु मुक्काम पाच-सहा महिन्यांचा असतो आणि माणसाबरोबर त्याचे घरही जात असते.

युरोपात हौशी कुटुंबे मोटारीमागे घडीचे तंबूघर जोडून सुटीला निघतात. सामान काय घ्यावे, विमा कोणता उतरवावा, पाठीमागे राखण कोणी करावी, याविषयी तेथे बारकाईने सल्ला दिला जातो. ताडपत्री आणि बांबूचे घर घेऊन पोटासाठी निघणाऱ्या कुटुंबापुढे हेच तीन प्रश्न असतात. त्याला मात्र असा सल्ला क्वचितच मिळतो.

सामान थोडके असावे हे खरे, पण काय वगळावे याचा विचार निघण्यापूर्वीच व्हावयास हवा. बांबू व चटई काही ठिकाणी कारखान्याकडून मिळते. तसे असल्यास ते मुकादमाकडून आधीच विचारून घ्यावे, म्हणजे ट्रकमधील तेवढी जागा धान्याला मिळेल. ताडपत्री जाड व अखंड असावी. हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला की फाटक्या ताडपत्रीखाली पहिले भिजते ते धान्य आणि दुसरे अंथरूण. कोयत्यांची पाती गोणपाटात गुंडाळून सुतळीने आवळावीत व ती ट्रकच्या तळाशी ठेवावीत. वर बसलेल्या मुलाच्या पायाशी उघडा कोयता असणे हा प्रवासातील नित्याचा आणि टाळता येण्याजोगा धोका आहे. पाण्यासाठी झाकणाचे भांडे अवश्य घ्यावे.

धान्याच्या ओझ्याविषयी एक गोष्ट अद्याप पुष्कळांना ठाऊक नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेखाली ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये परस्परांशी जोडली गेली. अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका आधारशी जोडलेली असेल, तर बारडोलीच्या दुकानातही अंगठा लावून धान्य उचलता येते. गावी राहिलेल्या वृद्धांनी आपला वाटा तेथे घ्यावा आणि उरलेला येथे उचलावा, अशीही सोय आहे. निघण्यापूर्वी गावच्या दुकानदाराकडे सर्वांची आधार जोडणी झाली आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

ट्रकवरचा प्रवास

सामानावर माणसे बसवून नेण्याची रीत जुनी आहे, आणि तिची किंमतही जबर आहे. मालवाहू वाहनात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यास विम्याचे संरक्षण आहे. परंतु नुसते प्रवासी म्हणून बसलेल्यांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये दिला. याचा अर्थ असा की ट्रक उलटला तर कागदोपत्री विमा असूनही कुटुंबाला रिकाम्या हाताने परतावे लागण्याचा संभव असतो. माणसांसाठी बस किंवा रेल्वे आणि सामानासाठी ट्रक, ही मागणी टोळीने मुकादमाकडे एकमुखाने करावी. ती अवाजवी नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली जो कायदा झाला, त्यातच जाण्यायेण्याच्या भाड्याची तरतूद होती. हा कायदा पुढे २०२० च्या संहितेत सामावला, तेथेही प्रवासभत्त्याचे तत्त्व कायम आहे.

गाडीवानाने बैल नेताना पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला व मालकीचा पुरावा जवळ बाळगावा. लाळ्या-खुरकूत व लम्पी या रोगांच्या लसी आधीच टोचून घ्याव्यात. बैलाचा विमा असेल तर कानातील बिल्ला शाबूत ठेवावा आणि जनावर परराज्यात जात असल्याचे विमा कंपनीस कळवावे.

मुक्कामाची जागा निवडताना सोय एवढीच पाहू नये. १९ जानेवारी २०२१ रोजी पहाटेपूर्वी सुरत जिल्ह्यात कोसंब्याजवळ कीम-मांडवी रस्त्यावर एका ट्रकची उसाने भरलेल्या ट्रॅक्टरशी टक्कर झाली, चालकाचा ताबा सुटला आणि रस्त्याकडेला झोपलेले १५ जण ठार झाले. ते राजस्थानातील बांसवाडा भागातून आलेले मजूर होते. ऊस वाहणारी वाहने हंगामात रात्रभर धावतात. तेव्हा झोपडी रस्त्यापासून पुष्कळ आत असावी, मग पाण्यासाठी थोडे अधिक चालावे लागले तरी चालेल. दोन झोपड्यांत अंतर सोडावे. चूल बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडावी. पाचट दाराशी रचून ठेवू नये, कारण पाचट आणि ताडपत्री यांना एक ठिणगी पुरते.

कोयता एक, माणसे दोन

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. उचल त्या कोयत्याच्या नावाने मिळते आणि हिशेबही त्याच नावाने होतो, तो बहुधा पुरुषाच्या हाती. विम्याला मात्र हा हिशेब मान्य नाही. त्याच्या लेखी माणसे दोन आहेत, आणि दोघांच्या नावाने स्वतंत्र हप्ता भरल्याखेरीज दोघांना संरक्षण मिळत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे. वय १८ ते ७० असावे लागते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख रुपये, तर एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. कोयत्याने बोट तुटल्यास या योजनेतून काही मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तशा दुखापतीसाठी मालकाच्या भरपाईचा मार्ग आहे. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेले तत्त्व असे की ठेकेदारामार्फत नेलेल्या कामगाराला कामावर इजा झाली, तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. अशा वेळी रोजच्या तोडीची नोंदवही, खेपेच्या पावत्या आणि टोळीतील साक्षीदार हेच उपयोगी पडतात.

नैसर्गिक मृत्यूसाठी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. तिचा हप्ता ४३६ रुपये व प्रवेशाचे वय १८ ते ५०. आयुष्मान भारत कार्ड असल्यास गुजरातमधील संलग्न रुग्णालयातही ते चालते.

उसाच्या फडात सर्पदंशाची भीती नेहमीची. सुरक्षा विम्यात सर्पदंश हा अपघातच मानला जातो, पण त्यासाठी रुग्णालयातील तात्काळ नोंद लागते. भगताकडे घालवलेली रात्र जीवही घेते आणि कागदही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत आहे.

राहता राहिली राखण. आधार कार्ड, बँकेचे पुस्तक व एटीएम कार्ड उचलीपोटी कोणाकडेही तारण ठेवू नये. त्यांच्या प्रती पाकिटात घालून घरच्या माणसाकडे ठेवाव्यात. चांदीचे दागिने गावीच विश्वासाच्या ठिकाणी ठेवलेले बरे. गावातील बंद घराची माहिती पोलीस पाटलास द्यावी आणि कुटुंब कोणत्या कारखान्यावर, कोणत्या मुकादमाबरोबर गेले हे ग्रामपंचायतीत नोंदवावे. काठीच्या राजवाडी होळीला बहुतेकांचे पाय गावाकडे वळतात, तेव्हा पडाव ओस पडतो. प्रत्येक टोळीने दोन-तीन माणसे पाळीने मागे ठेवावीत.

शिक्षकांनी जाणाऱ्या प्रत्येक मुलास शिक्षण हमी पत्रक द्यावे. दाखला नाही म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार कोणत्याही शाळेला प्रवेश लांबवता येत नाही. अर्थात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मूल राहू शकत असेल, तर तेच अधिक इष्ट होय.

टोळ्या परतल्यावर एक काम उरते. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते व हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर विमा खंडित होतो. हंगामाचा हिशेब हाती पडताच दोघांच्याही खात्यांत हप्त्यापुरती रक्कम भरावी, आणि ग्रामसेवकांनी मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाड्यावर जाऊन ती भरली गेली आहे की नाही याची विचारपूस करावी.