शरीरांतील पहारेकरी

मागील पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीची उपासना आटोपल्यावर एक माता आपलें तीन महिन्यांचें बालक घेऊन मजकडे आली. पहिली लस टोंचली त्या रात्रीं मुलास ताप भरला व मांडी सुजली, म्हणून दुसऱ्या वेळेस ती गेलीच नव्हती. "पाळकसाहेब, धडधाकट लेंकराच्या अंगांत आपण होऊन रोग कां घालावा?" असें तिनें विचारिलें. उपदेशक बंधूंसही हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो, यास्तव हा पाठ.

एका घन मिलिमीटर रक्तांत तांबड्या पेशी सुमारें ५० लक्ष, तर पांढऱ्या अवघ्या ४,००० ते ११,००० असतात. पण शत्रूशीं लढतात त्या ह्याच. हाडांतील मज्जेंत त्यांचा जन्म होतो. त्यांपैकीं बहुतेक न्यूट्रोफिल नांवाच्या असतात. पायांत बाभळीचा कांटा मोडला कीं प्रथम ह्या धांवतात, जंतु गिळितात आणि लौकरच मरतात. गळवांतील पू म्हणजे बहुतांशीं ह्यांचींच प्रेतें होत. त्याची किळस करितांना आपण हें ध्यानांत आणीत नाहीं.

हा शोधही कांट्यावरूनच लागला. इ. स. १८८२ सालीं सिसिलींतील मेसिना येथें मेच्निकॉफ ह्या विद्वानानें तारामाशाच्या पारदर्शक पिलांस कांटे टोंचिले; दुसऱ्या दिवशीं पाहतो तों फिरत्या पेशींनीं कांट्यास गराडा घातलेला! त्याचा शिष्य हाफकिन ह्यानें १८९७ सालीं मुंबईंत प्लेगची लस सिद्ध केली व ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली.

दुसऱ्या कांहीं पेशी शत्रूचा अंश घेऊन काखेंतील व जांघेंतील गांठींकडे जातात. पायास जखम झाली असतां अवधाण येतें, त्याचें कारण हेंच. तेथें लिम्फोसाइट पेशी असतात. त्यांतील बी पेशी जंतूंस निकामी करणारीं प्रतिद्रव्यें निर्माण करितात. टी पेशींपैकीं कांहीं, विषाणु शिरलेल्या आपल्याच पेशींस मारितात. कांहीं साहाय्यक होऊन इतरांस चेतवितात. एड्सचा विषाणु ह्या साहाय्यकांचाच नाश करितो, मग इतर सेना असून नसल्यासारखी होते.

पहिल्या भेटींत ह्या तयारीस आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि घटसर्प तितकी सवड देत नाहीं. परंतु लढाईनंतर कांहीं पेशी शत्रूची ओळख धरून वर्षानुवर्षें जगतात. घटसर्पाच्या लशींत रोग नसतो. निर्विष केलेलें जंतूचें विष असतें, व त्यावरून ही ओळख पटते. ती एका वेळेनें पक्की होत नाहीं, म्हणून सहा, दहा व चौदा आठवड्यांस टोंचावें लागतें. थोडा ताप व सूज ही बहुधा पेशी कामास लागल्याची खूण होय. मात्र ताप फार चढल्यास किंवा आंचके आल्यास मुलास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. वेळ चुकली तरी पुन्हा आरंभापासून टोंचावें लागत नाहीं.

देव राखणारा असतां लस कशास, असें कोणी म्हणतात. १३९ व्या स्तोत्रांत शरीराच्या अद्भुत घडणीबद्दल देवाची स्तुति आहे. ती घडण हीच, आणि लस तिलाच जागें करिते.

त्या मातेस मीं इतकें सर्व सांगितलें नाहीं. अवधाणाची गोष्ट मात्र तिला पटली, कारण नांगराचा फाळ लागून तिच्या पतीस तें नुकतेंच आलें होतें. पुढच्या बुधवारीं ती उपकेंद्रांत गेली. त्याही रात्रीं बालकास ताप आला. ह्या खेपेस ती घाबरली नाहीं.