गुडूची आणि टीएलआर-४ : प्रयोगशाळेतील ग्राही-प्रथिनाचा अर्थ

सुदुंबरे व एकूणच मावळातील वैद्यांना गुळवेल नित्य परिचयाची आहे. अलीकडे औषधांच्या माहितीपत्रकांत ‘हा अर्क रोगप्रतिकारक पेशींच्या ग्राहीशी जोडला जातो’ अशी विधाने वाचावयास मिळतात. त्यांचे मूल्य वैद्याने व औषधविक्रेत्याने कसे ठरवावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

ग्राही व त्याची प्रतिकृती

ग्राही म्हणजे पेशीवरील रिसेप्टर. टोल-लाईक रिसेप्टर-४ अर्थात टीएलआर-४ हा मुख्यत्वे भक्षक पेशींवर असून एमडी-२ या सहप्रथिनाच्या साहाय्याने जीवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन ओळखतो. हे कार्य ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून दाखविले. २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

मानवी ग्राहीच्या बाह्य भागाचा जनुक दुसऱ्या पेशींत घालून त्यांच्याकडून तयार करविलेले प्रथिन म्हणजे रिकॉम्बिनंट प्रथिन. त्यास बहुधा हिस्टिडीनची शेपटी जोडतात. तिच्या आधारे ते शुद्ध करता येते. कुपीत ते मायक्रोग्रॅममध्ये मिळते. ते केवळ संशोधनार्थ असते; औषध नव्हे.

गुडूचीवरील कार्य

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी गुडूचीतील जी१-४ए या बहुशर्करेचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. टीएलआर-४ व एमडी-२ यांच्या जोडीस प्रतिपिंडाने अडविले असता जी१-४ए मुळे होणारी बी-पेशींची वाढ रोखली गेली. यावरून हा ग्राही जी१-४ए चे द्वार असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तोच पदार्थ मानवी ग्राहीशी प्रत्यक्ष जोडला जातो काय, हे पाहण्यास मानवी रिकॉम्बिनंट प्रथिन उपयोगी पडते.

अशुद्धीचा प्रश्न

येथेच खरी मेख आहे. ग्राही मुळात एंडोटॉक्सिनचा; आणि मातीतून आलेल्या, नीट न धुतलेल्या वनस्पतीत जीवाणू असतातच. एंडोटॉक्सिन उष्णतेस दाद देत नाही. काढा उकळल्याने ते नष्ट होत नाही. म्हणून अर्काचा दिसणारा प्रभाव वनस्पतीचा की जीवाणूंचा, हे ठरविण्यासाठी लिम्युलस चाचणी आणि पॉलिमिक्सिन-बी घालून केलेला तुलनात्मक प्रयोग आवश्यक ठरतो. ग्राही-प्रथिनाच्या कुपीतील एंडोटॉक्सिनचे प्रमाणही पाहावे लागते.

व्यवहारातील बोध

१. ग्राहीशी जोडणी म्हणजे रोगशमन नव्हे. मुखावाटे घेतलेले द्रव्य अग्निसंस्कारातून जाते. प्रयोगपात्रात तसे घडत नाही.

२. ग्राही उत्तेजित होणे सर्वांस हितकर नसते. मुंबईतील डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील, गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकार २०२१ मध्ये नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेऊन वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्न उपस्थित केला. मतभेद असले तरी स्वप्रतिकारक विकार वा यकृतविकार असलेल्या रुग्णास गुडूची देताना वैद्याने सावध असावे, विक्रेत्याने ती स्वतःहून सुचवू नये.

३. खरेदी करताना वनस्पतीची ओळख, जीवाणूंची चाचणी व घाऊक मालाचा बॅच क्रमांक मागावा.

सारांश

चरकसंहितेत गुडूचीचा रस मेध्य रसायनांत सांगितला आहे. त्या स्थानास ग्राहीच्या प्रयोगाने अधिक वा उणे होत नाही. व्याधिक्षमत्व ही एका ग्राहीची गोष्ट नव्हे. म्हणून माहितीपत्रकातील एका वाक्यावर औषधयोजना करू नये, असे आम्हांस वाटते.