लघवीचं छिद्र खालच्या बाजूला

प्रश्न : माझा मुलगा 4 महिन्यांचा आहे. त्याचं लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला आहे. सासूबाई म्हणतात, मोठा झाला की बघू. थांबावं का?

उत्तर : ताई, इतकं थांबू नका. याला हायपोस्पेडियास म्हणतात; हा दोष जन्मतःच असतो. गरोदरपणात आपलंच काही चुकलं, ही सल आधी मनातून काढून टाका. शस्त्रक्रिया साधारण 6 ते 18 महिन्यांच्या वयात करतात. तेव्हाचं दुखणं मुलाला पुढे आठवत नाही. तोवर सुंता मात्र मुळीच करू नका. नवा मूत्रमार्ग घडवताना सुंतेत काढली जाणारी तीच कातडी लागू शकते. दोन्ही वृषणं हाताला लागतात का, हेही बालशल्यचिकित्सकांकडून तपासून घ्या. लागत नसतील तर शस्त्रक्रियेआधी संप्रेरकांच्या तपासण्या कराव्या लागतात. छिद्र फारच खाली असेल तर शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करावी लागू शकते. शस्त्रक्रियेनंतर नव्या छिद्राऐवजी दुसरीकडून लघवी झिरपताना दिसली तर घाबरू नका, दाखवायला या. ती गळतीही दुरुस्त करता येते.