अंगठीतील निळा खडा : रंग पालटणाऱ्या एका रत्नाचा पाठ

आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याचे वडील ऊसतोडीस निघण्यापूर्वी मुलाला भेटावयास आले, तेव्हा त्यांच्या मधल्या बोटात चांदीत बसविलेला निळा खडा होता. साडेसाती टळावी म्हणून उचलीतील मोठी रक्कम मोडून त्यांनी हा सव्वासात रत्तीचा ‘नीलम’ घेतला होता. चेहरा मात्र चिंतेने उतरलेला. खडा कधी गडद निळा दिसतो, कधी पाण्यासारखा फिका पडतो. शनी कोपला की असा रंग उडतो, असे विकणाऱ्याने त्यांच्या मनात भरविले होते. पुढील सहा महिने टोळीसोबत परमुलखात काढावयाचे आणि निघताना रंग उडालेला! विज्ञानाच्या शिक्षकांनी खडा पाहावा, ही मुलाचीच इच्छा होती.

आम्ही अंगठी खिडकीपाशी उन्हात धरली. वरून पाहता जांभळट निळा रंग दिसे. हळूहळू फिरवून कडेने पाहिले की तोच खडा फिका, किंचित पिवळसर होई. पुन्हा फिरविला की निळा. रंग उडत नव्हता. पाहण्याची दिशा बदलत होती. मुलांनी आळीपाळीने पाहिले आणि वडिलांनीही स्वतः फिरवून पाहिले.

या गुणास बहुवर्णता म्हणतात. स्फटिकातील अणूंची मांडणी सर्व दिशांनी सारखी नसते, म्हणून एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशातील पिवळा-तांबडा भाग शोषला जाऊन निळा उरतो, तर दुसऱ्या दिशेने फारसे काही शोषलेच जात नाही. काचेत अशी मांडणी नसल्याने निळी काच कोठूनही पाहा, रंग तोच. याहून निराळा प्रकार म्हणजे दिवसा निळे आणि दिव्याखाली जांभळे दिसणारे काही नीलम. तेथे दिशा नव्हे, प्रकाश बदलतो.

खरा नीलम म्हणजे कुरुविंद, माणकाचा सख्खा भाऊ. लोह व टायटॅनियम यांच्या अल्पशा अंशाने त्यास निळाई येते. काश्मीरमधील पाडर भागात १८८१ च्या सुमारास सापडलेले नीलम जगभर नावाजले गेले. नीलमही दिशेनुसार छटा बदलतो, परंतु निळ्याचा हिरवट निळा होण्यापुरताच. पाण्यासारखा फिका होणे हा त्याचा स्वभाव नाही. तो स्वभाव आयोलाइटचा. बाजारात यालाच ‘नीली’ म्हणतात व नीलमाचे उपरत्न म्हणून तो विकला जातो. तमिळनाडू व ओडिशा येथे तो सापडतो. जांभळट निळा, फिका निळा आणि पिवळसर असे तीन रंग एकाच खड्यात दाखविणारे हे रत्न आपल्या जागी सुंदरच आहे. दोष आहे तो त्याला नीलमाच्या भावाने विकण्यात.

केवळ डोळ्यांवर विसंबू नये म्हणून वडिलांच्या संमतीने खडा चांदीतून सोडविला व प्रयोगशाळेच्या तराजूला दोऱ्याने टांगला. हवेत वजन १.३० ग्रॅम, पाण्यात बुडवून ०.८० ग्रॅम. घट ०.५० ग्रॅम; १.३० ला ०.५० ने भागले की २.६. ही झाली घनता, पाण्याच्या तुलनेत. नीलमाची सुमारे ४ असते. एवढ्याच वजनाचा नीलम असता तर पाण्यात तो जवळजवळ ०.९७ ग्रॅम भरला असता. गारगोटीची घनताही २.६५ असल्याने एकट्या वजनाने नाव ठरत नाही. रंगपालट आणि वजन दोन्ही जुळले, तेव्हा आयोलाइट म्हणावयास हरकत उरली नाही. आठवीच्या वर्गास आर्किमिडीजचे तत्त्व पुन्हा शिकविण्याची गरज त्या वर्षी पडली नाही!

एका मुलाने विचारले, आपल्या दगडात असा निळा खडा निघत नाही काय? अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बसाल्ट. त्यात नीलम वा आयोलाइट शोधणे व्यर्थ. तथापि याच पाषाणाच्या पोकळ्यांत, पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत, कॅव्हन्साइट सापडले आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरे जोडून हे नाव घडले. १९६७ मध्ये नवे खनिज म्हणून मान्यता मिळाली ती अमेरिकेतील ओरेगनच्या नमुन्यांवरून, पण त्याचे सर्वांत देखणे निळे गुच्छ वाघोलीचे. तेही एका दिशेने गडद निळे, दुसरीने जवळजवळ रंगहीन. त्याच १९६७ साली किलिमांजारोजवळ सापडलेल्या टांझानाइटची निळाईसुद्धा व्हॅनेडियमचीच. फरक इतका की कॅव्हन्साइट साध्या चाकूने ओरखडते, म्हणून अंगठीत बसत नाही. आम्हास वाटते, यामुळेच ते शनीच्या दुकानातून वाचले असावे.

वडिलांनी हिशेब शांतपणे ऐकला. “म्हणजे माझं काही बिघडणार नाही ना, गुरुजी?” एवढेच त्यांनी दोनदा विचारले. खड्याने काही बिघडत नाही, असे आम्ही सांगितले; उचलीबद्दल सांगण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. विकणारा गाव सोडून गेला होता. चांदी त्यांनी कनवटीस लावली, खडा मुलाच्या हातावर ठेवला आणि टोळीचा ट्रक गाठण्यासाठी ते निघाले. मुलगा फाटकापर्यंत गेला. परतल्यावर खिडकीपाशी उभा राहून तो बराच वेळ खडा फिरवीत होता.