पट्टाकरवतीचे पाते : ताण, धार आणि दक्षता

पनवेल म्हटले की जुन्या पिढीला बैलगाडीची चाके आठवतात. घाटावरचे गाडीवान ती येथून नेत. सुतारकामाशी असे जुने नाते असलेल्या गावात पट्टाकरवतीचे शास्त्र कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असावे, एवढ्याचसाठी मी हा लेखनप्रपंच केला आहे.

इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने १८०८ साली या करवतीचे पेटंट घेतले. परंतु पात्याचा सांधा टिकत नसे. १८४६ साली ॲन पोलिन क्रेपँ या फ्रेंच महिलेने सांधा जोडण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि पुढे हे यंत्र व्यवहारात रुळले.

पाते दोन चाकांवरून फिरते. खालचे चाक मोटार फिरवते. वरचे चाक उचलून ताण देतात व किंचित कलवून पाते जागेवर आणतात. पात्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून जवळ ठेवावा. दातांची टोके खाली, टेबलाकडे असावीत. ताण दिल्यावर चाक हाताने फिरवून पाते सरकत नाही ना, हे पाहावे. मग बाजूचे आधार कागदाच्या जाडीइतके अंतर ठेवून, दातांच्या मागेच बसवावेत. मागचा आधार पाते रिकामे फिरताना त्याला टेकता कामा नये. वरचा आधार लाकडापासून सुमारे पाव इंचावर आणावा. उघडे पाते जितके कमी, तितका धोका कमी. शेवटी झाकणे लावून, बाजूला उभे राहूनच यंत्र सुरू करावे.

ताण कमी पडला तर काप वाकडा जातो. फाजील झाला तर पाते तुटते. कापताना पाते तापते. पाच मीटर लांबीचे पाते चाळीस अंशांनी तापले, तर सुमारे २.४ मिलिमीटर वाढते. निवल्यावर ते आक्रसते आणि ताण वाढतो. म्हणून काम संपताच ताण सैल करावा व तशी पाटी यंत्रावर लावावी.

बोथट पाते अधिक घातक. ते लाकूड खात नाही, म्हणून माणूस जोर लावतो आणि हात निसटतो. दातांच्या खाचेत तडा दिसला, तर ते पाते वापरू नये. पाते काढता-घालताना हातमोजे व चष्मा हवा; यंत्र चालू असताना मात्र हातमोजे नकोत, कारण ते दातांत अडकून हात ओढला जातो.

१९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे मालकावर बंधनकारक केले होते. परंतु घाईच्या वेळी झाकण उघडे राहते, ते माणसाच्या सवयीमुळे. तपासणीला दहा मिनिटे लागतात. गेलेले बोट मात्र परत येत नाही.