कादंबरीकार व्हायचंय? मग आधी मोडी शिका

दहावीचा निकाल लागला की अकोले तालुक्यातल्या राजूर, शेंडी, कोतूळकडून पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेले असतात. सायन्स झेपेल का, नीटचा क्लास संगमनेरला लावू की नाशिकला, पदवी झाल्यावर एमपीएससीसाठी पुण्याला पाठवू का. 2025 च्या फेब्रुवारीत शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा ‘छावा’ चित्रपट आला आणि त्यात एका प्रश्नाची भर पडली: ‘पोरगी म्हणते, मी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणार, आर्ट्सलाच जाणार. तिचं पुढं कसं व्हायचं?’

सायन्स, आयटीआय, नर्सिंग, डीएड या वाटांची माहिती शाळेत मिळते. आदिवासी मुलामुलींसाठी वसतिगृह आणि शिष्यवृत्तीची चौकशी राजूरच्याच प्रकल्प कार्यालयात करा. मला बोलायचं आहे ते या शेवटच्या प्रश्नावर.

आधी मुलीशी बोलतो. बाळ, नुसत्या कादंबरीवर मराठीत घर चालत नाही. हिशेब मांडून बघ. पुस्तकाची किंमत 400 रुपये धर, हजाराची आवृत्ती धर आणि मानधन शेकडा 10 धर. सगळ्या प्रती खपल्या तरी हातात 40 हजार येतात. ती कादंबरी लिहायला तीन वर्षं लागली असतील तर महिन्याला अकराशे रुपये पडले. हजार प्रती खपायलाही वेळ लागतो. नवख्या लेखकाकडूनच छपाईचे पैसे मागणारे लोकही भेटतील. त्यांना एक रुपया देऊ नकोस.

ज्यांची पुस्तकं घरोघरी पोचली त्यांच्याकडे पाहा. शिवाजी सावंत कोल्हापूरच्या शाळेत शिक्षक होते. 1967 साली ‘मृत्युंजय’ आली ती नोकरी सांभाळून, आणि ‘छावा’ त्यानंतर बारा वर्षांनी. ‘राऊ’ लिहिणारे ना. सं. इनामदार आकाशवाणीत नोकरीला होते. बायकांच्या आयुष्यावरच्या ‘महाश्वेता’सारख्या कादंबऱ्यांनी घराघरांत वाचक मिळवणाऱ्या सुमती क्षेत्रमाडे डॉक्टर होत्या. ‘पानिपत’कार विश्वास पाटील सनदी अधिकारी होते. यातल्या प्रत्येकाकडे लिहिण्याखेरीज कमाईची दुसरी वाट होती.

नोकरी पोट भरते आणि कधी कधी पुस्तकही देते. मालतीबाई बेडेकरांचं उदाहरण या मुलींनी मनाशी ठेवावं. 1933 साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावानं त्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या अविवाहित मुलींची घुसमट त्यांनी इतकी उघडपणे मांडली की गदारोळ उठला. पुढे त्या सोलापूरला, इंग्रज सरकारनं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवर अधिकारी होत्या. काटेरी कुंपणाआडची ती माणसं त्यांनी रोज पाहिली, आणि त्यातून 1950 साली ‘बळी’ उभी राहिली. पाटलांची ‘झाडाझडती’ही धरणग्रस्तांची कादंबरी, पुनर्वसनाचं काम जवळून पाहिलेल्या माणसाची. भंडारदरा आणि निळवंडे ही धरणं ज्या तालुक्यात आहेत, तिथल्या मुलीला धरणग्रस्त म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: इतिहास घेऊन बीए कर आणि जोडीला मोडी लिपी शीक. राजूरच्या महाविद्यालयात कला शाखा आहे, पदवीसाठी घर सोडायची गरज नाही. मोडीकडे कुणाचं लक्षच नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पेशव्यांचा कारभार मोडीत चालला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार सरदेसायांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यातून 45 खंड निवडून छापले, तरी बहुतेक कागद अजून रुमालांत बांधलेलेच आहेत. शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, काही विद्यापीठांतही प्रमाणपत्र वर्ग आहेत. सराव ठेवला तर काही महिन्यांत सुवाच्य कागद वाचता येतो. घसटलेलं अक्षर लावायला मात्र वर्षं जातात.

यातून मिळकत होते का? होते, थोडी आणि अनियमित. जुनी खरेदीखतं, इनामाचे कागद, घराण्यांच्या वंशावळी वाचून हव्या असणारी माणसं कायम येतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा मोडी वाचणारी माणसं प्रत्येक जिल्ह्यात हवी होती आणि पुरेशी नव्हती. एवढ्यावर संसार उभा करू नका. शिक्षकी, ग्रंथपालाचं काम, सरकारी नोकरी, काहीतरी कायमचं हाताशी हवंच. पण उद्या कादंबरी लिहायला बसलेल्या मुलीला दुसऱ्याच्या कादंबरीतून इतिहास उचलावा लागणार नाही, मूळ कागद तिला स्वतः वाचता येईल.

विषय शोधायला तिनं रायगडापर्यंत जायचीही गरज नाही. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे देवगावचे राघोजी भांगरे याच तालुक्यातले. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांच्याबद्दल इंग्रजांनी काय लिहून ठेवलं ते दफ्तरात सापडेल. पण बंडाच्या काळात या डोंगरांतल्या बायकांनी घरं कशी चालवली, पोलीस दारात आल्यावर त्या काय बोलल्या, हे कोण लिहिणार? ते लिहायला इथलीच मुलगी हवी.

आता आईवडिलांना स्पष्ट सांगतो. ‘आर्ट्सला गेली म्हणजे वाया गेली’ हे वाक्य घरात बोलू नका. जिला जीवशास्त्र नको आहे तिला कर्ज काढून नीटच्या क्लासला बसवलं तर दोन वर्षं जातात, पैसा जातो आणि मुलगी तुमच्याशी बोलायची थांबते. शेजाऱ्याचा मुलगा डॉक्टर झाला हे तुमच्या मुलीला सायन्सला घालायचं कारण होऊ शकत नाही. आणि ज्यांना पोरीचं लिहिणं कौतुकाचं वाटतं, त्यांनीही तिला दहावीतच ‘लेखिका’ म्हणून गावभर मिरवू नये. तिला वाचनालयाची वर्गणी भरून द्या. संध्याकाळचा एक तास तिला घरकामातून मोकळा द्या. आवणीच्या दिवसांत ते जड जातं हे मला माहीत आहे, तरीही द्या.

अकरावीचा अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो. सायबर कॅफेत वडील एकटेच जातात आणि पसंतीक्रम ठरवून येतात. यंदा तसं करू नका. मुलीला बरोबर न्या आणि शाखा तिची तिला निवडू द्या.