स्टार्चच्या फिल्ममध्ये प्लॅस्टिसायझरचे महत्त्व

ज्या कसाव्यापासून (टॅपिओका) साबुदाणा तयार होतो, त्याच्याच स्टार्चपासून वेष्टनासाठी विघटनशील फिल्म तयार करता येते. मात्र केवळ स्टार्चची फिल्म वाळल्यावर ठिसूळ होऊन तडकते. कारण अमायलोज व अमायलोपेक्टिनच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी परस्परांशी घट्ट जखडलेल्या असतात. ग्लिसरॉलसारख्या प्लॅस्टिसायझरचे लहान रेणू या साखळ्यांमध्ये शिरून बंध सैल करतात व फिल्म लवचीक होते.

ग्लिसरॉलचे प्रमाण सामान्यतः स्टार्चच्या वजनाच्या २० ते ४० टक्के ठेवतात. ते वाढविल्यास फिल्म अधिक ताणली जाते. परंतु तिची मजबुती घटते, बाष्प अधिक आरपार जाते आणि पृष्ठभाग चिकट होतो. सॉर्बिटॉल तुलनेने कमी ओलावा शोषते. तथापि साठवणुकीत त्याचे स्फटिक बनून फिल्म पुन्हा कडक होऊ शकते.

स्टार्चसाठी पाणी हेही प्लॅस्टिसायझरच आहे. त्यामुळे कोरड्या हवेत उत्तम वाटणारी फिल्म पावसाळ्यात ढिली पडते. म्हणून नमुना पसंत करण्यापूर्वी तो कोरड्या व दमट अशा दोन्ही हवेत काही दिवस ठेवून ताणून व वाकवून पाहावा. ओलसर भाजीपाल्यासाठी निव्वळ स्टार्चच्या फिल्मवर विसंबू नये.